डाव्या पायाची टंचाई आणि संघाची चाल

डावखुरा_बंडू

मी फुटबॉल फार बरा खेळायचो असं नाही. पळणं बेताचं, हेडिंगला डोळे मिटायचे. तरी अकरावी-बारावी दोन्ही वर्षं कॉलेजच्या संघात पहिल्या अकरात होतो. कारण एकच. निवडीच्या दिवशी सरांनी चाळीस पोरांना ओळीत उभं केलं आणि विचारलं, "डाव्या पायानं कोण मारतो?" हात वर झाले पाच. सरांनी प्रत्येकाला चेंडू मारायला लावला, तेव्हा कळलं की त्यातल्या तिघांनी नुसत्या उत्साहात हात वर केला होता. उरलो मी आणि अजून एक जण, आणि तो निघाला गोलकीपर. सर म्हणाले, "तू लेफ्ट बॅक. विषय संपला." म्हणजे बचावात डाव्या कडेला. माझ्याहून तिपटीनं चांगला खेळणारा माझा मित्र दोन वर्षं राखीव बाकावर बसून संत्री सोलत होता, कारण तो उजव्या पायाचा मिडफिल्डर, म्हणजे मधल्या फळीतला, होता आणि तसे आमच्याकडे सहा होते.

परवा इंग्लंडमधल्या मँचेस्टर सिटीचे जुने सामने बघत बसलो आणि हे सगळं आठवलं. संघाची रचना म्हटली की आपण लगेच कोचच्या डोक्याबद्दल बोलायला लागतो. सिटीच्या पेप ग्वार्दिओलानं असं ठरवलं, लिव्हरपूलच्या क्लॉपनं तसं ठरवलं. मला हल्ली वाटतं की फळ्याला खडू लागायच्या आधीच बरंचसं बाजारानं ठरवून टाकलेलं असतं. कुठल्या प्रकारचा खेळाडू मुबलक आहे, कुठला मिळतच नाही आणि मिळालाच तर कोणत्या भावानं. मंडईतून येताना पिशवीत काय पडलंय त्यावर संध्याकाळची भाजी ठरते, तसं.

सिटीच्या लेफ्ट बॅकचंच बघा. २०१७ च्या उन्हाळ्यात त्यांनी मोनॅकोकडून बेंजामिन मेंडीला आणलं, साधारण ५ कोटी २० लाख पौंड मोजून. बचावपटूसाठी तेव्हा ही डोळे विस्फारणारी रक्कम होती. सप्टेंबरातच त्याचा गुडघा गेला. खरेदीची मुदत संपलेली, दुसरा लेफ्ट बॅक आणणार कुठून? मग लागला फेबियन डेल्फ. हा मूळचा मिडफिल्डर, पण पाय डावा. त्यानंतर झिंचेंको, तोही मूळचा मिडफिल्डर, पाय डावा. दोघांनाही कडेच्या रेषेवरून वरखाली पळत गोलासमोर चेंडू (क्रॉस) टाकायची सवय नव्हती. सवय होती मधे उभं राहून छोटे पास खेळायची. म्हणून ते मधे सरकायचे. त्या पहिल्या हंगामात सिटीनं लीगमध्ये १०० गुण केले.

पुढचा अंक २०२२ चा. झिंचेंको आर्सेनलला गेला. ब्रायटनचा लेफ्ट बॅक कुकुरेया हवा होता, पण भाव जमला नाही आणि चेल्सीनं त्याला उचललं. जानेवारी २०२३ मध्ये लेफ्ट बॅकला खेळणारा कान्सेलोही जर्मनीतल्या बायर्नला उसना गेला. आता लेफ्ट बॅक नावापुरताच उरला. पेपनं चार सेंटर बॅकच, म्हणजे मधले बचावपटूच, लावले. डावीकडे आके, उजवीकडे अकांजी, मधे दियास आणि चौथा जॉन स्टोन्स. चेंडू आपल्याकडे आला की हा स्टोन्स उठून मधल्या फळीत रॉड्रीच्या शेजारी जाऊन उभा राहायचा. १० जून २०२३ ला इस्तंबूलमध्ये, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, इंटरला १-० हरवलं आणि त्या हंगामातले तिन्ही मोठे करंडक घरी आले. समालोचक याला क्रांती म्हणत होते. मला त्यात आमचे सर दिसले.

तुम्हाला अशी उदाहरणं आठवतात का, जिथे चाल टंचाईतून निघाली? आपल्याकडचीही चालतील. उलट ती जास्त आवडतील.

---

तिरका_पास

लिहिलंय छान, पण निष्कर्ष घशाखाली उतरला नाही.

फुलबॅकला (कडेच्या बचावपटूला) मधे आणायचा प्रकार पेपनं बायर्नला गेल्यावर, म्हणजे २०१३ पासूनच सुरू केला होता. तेव्हा त्याच्याकडे लाम आणि अलाबा होते. जगातल्या सर्वोत्तम फुलबॅकांपैकी दोघे. तिथे टंचाई कसली? उलट लाम इतका चांगला होता की त्याला नुसतं रेषेवर उभं करणं म्हणजे चांदीच्या ताटात भाकरी वाढण्यासारखं होतं, म्हणून मधे आणला.

आणि २०१७ च्या त्याच उन्हाळ्यात सिटीनं मेंडीबरोबर वॉकर आणि डानिलोही घेतले होते. तीन फुलबॅक एका खेपेत. ज्याला मंडईतला अख्खा गाडा उचलता येतो, त्याला पिशवीची गोष्ट सांगू नका.

---

डावखुरा_बंडू

तिरका_पास, अर्धं मान्य. कल्पना पेपच्या डोक्यातली जुनीच आहे. पण सणासुदीचं पक्वान्न रोजच्या जेवणात आलं ते टंचाईमुळे, असं माझं म्हणणं आहे. मेंडी धडधाकट राहिला असता तर तो रेषेवरून पळत क्रॉसच टाकणार होता, त्याला घेतलंच त्यासाठी होतं. मग डेल्फला ती जागा मिळाली असती का?

पैशाचं म्हणाल तर श्रीमंताला टंचाई जास्त टोचते असं मला वाटतं. आमच्या सरांना कोणताही डाव्या पायाचा पोरगा चालणार होता. पेपला डाव्या पायाचा, वेगवान, दबावाखाली पास न चुकणारा, एकट्यानं विंगर (कडेनं चढाई करणारा) अडवणारा हवा असतो. अशी चाळणी लावली की जगभरातून चार-पाचच नावं उरतात, आणि त्यांचे मालक ती विकायला बसलेले नसतात.

---

कट्ट्यावरचा

+१. वाचनखूण साठवली आहे. धागा ट्रान्सफरच्या आकड्यांच्या भांडणात जाऊ नये ही विनंती.

---

कांदेबहाद्दर

आम्ही निफाडकडचे, त्यामुळे भावाची गोष्ट निघाली की हात शिवशिवतात.

तुम्ही सगळे मागणीबद्दल बोलताय. पुरवठ्याकडे कोणी बघत नाहीये. कांद्याला यंदा भाव मिळाला की पुढच्या वर्षी सगळं गाव कांदा लावतं. सगळ्यांचा एकदम बाजारात येतो, भाव पडतो, मग पोरं ट्रॅक्टर रस्त्यावर ओततात. पुढच्या वर्षी कोणी लावत नाही, आणि भाव पुन्हा आभाळाला. फुटबॉलमध्ये हेच होतं, फरक इतकाच की कांदा चार महिन्यांत निघतो आणि सेंटर फॉरवर्ड, म्हणजे पुढे उभा राहून गोल मारणारा स्ट्रायकर, निघायला दहा-बारा वर्षं लागतात.

स्ट्रायकरचं बघा. २०१२ च्या युरो स्पर्धेत स्पेननं पहिल्याच सामन्यात मिडफिल्डर फाब्रेगासला पुढे खेळवलं, पक्का स्ट्रायकर नाहीच. अंतिम सामन्यातही तेच, आणि इटलीला ४-० धुतलं. खरं तर त्यामागेही टंचाईच होती, स्ट्रायकर दाविद व्हियाचा पाय डिसेंबर २०११ मध्ये मोडला होता. पण जगानं बघितला तो करंडक. बघा, नऊ नंबरशिवाय, म्हणजे पक्क्या स्ट्रायकरशिवाय, जिंकता येतं! मग अकादम्यांत सगळीकडे पेरणी कसली झाली? ठेंगणे, चपळ, चेंडू पायाला चिकटलेला ठेवणारे मिडफिल्डर आणि उलट्या पायाचे विंगर. धिप्पाड, गोलाकडे पाठ करून उभा राहणारा, दोन बचावपटू अंगावर घेणारा पोरगा आला की त्याला सांगायचे, तू सेंटर बॅक हो.

दहा वर्षांनी पीक काय आलं? २०२२ मध्ये वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा बॅलन डी'ऑर घेतला ३४ वर्षांच्या बेन्झेमानं. त्याच वर्षी बार्सिलोनानं स्ट्रायकर म्हणून आणला चौतिशीला टेकलेला लेवांडोव्स्की. विश्वचषकात फ्रान्सचा पुढचा माणूस जिरू, वय ३६. तरुण माल बाजारात नव्हताच. होता तो एक हालांड, आणि त्याच्या करारातच ठरलेली रक्कम लिहिलेली होती म्हणून सिटीला त्या मानानं स्वस्तात मिळाला.

आणि माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे जर्मनीचा निक्लास फ्युलक्रूग. २०२१-२२ मध्ये हा ब्रेमेनकडून दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळत होता. पुढचे दोन दात विरळ, चाल मालगाडीची. नोव्हेंबर २०२२ मध्ये २९ व्या वर्षी जर्मनीकडून पहिला सामना, आणि पंधरवड्याच्या आत विश्वचषकात स्पेनविरुद्ध बरोबरी साधणारा गोल. म्हणजे ज्या स्पेनमुळे फ्युलक्रूगसारखे लोक कालबाह्य ठरले, त्याच स्पेनच्या जाळ्यात. मी तेव्हा कांदाचाळीत बसून मोबाईलवर बघत होतो, आणि आमचे बाबा विचारत होते की हा येडा एकटा का ओरडतोय.

---

तिरका_पास

कांदेबहाद्दर, प्रतिसादाला दंडवत. हा मुद्दा मला मूळ लेखापेक्षा जास्त पटला (बंडू, हलके घ्या).

भर घालतो. २०२५ च्या उन्हाळ्यात काय झालं आठवा. लिव्हरपूलनं इसाकसाठी न्यूकासलला १२ कोटी ५० लाख पौंड मोजले, ब्रिटिश क्लबांमधला विक्रम. त्याच खेपेला त्यांनी एकिटिकेही घेतला. मँचेस्टर युनायटेडनं शेश्को घेतला, आर्सेनलनं ग्योकेरेस. सगळे नऊ नंबर, सगळे एकाच उन्हाळ्यात. आर्सेनलवर तर त्याआधीच्या फेब्रुवारीत अशी वेळ आली होती की पुढच्या फळीतले बरेचसे जायबंदी, म्हणून मिकेल मेरिनो नावाचा मिडफिल्डर लेस्टरविरुद्ध स्ट्रायकर म्हणून उतरवला. पठ्ठ्यानं शेवटच्या दहा मिनिटांत दोन गोल मारले.

यात ग्योकेरेसची गंमत बघा. त्याला ब्रायटननं २०१८ मध्ये स्वीडनमधून पोरवयात आणला होता. ब्रायटन म्हणजे खेळाडू हेरण्यात सगळ्यांचे गुरू. त्यांनी तो इकडेतिकडे उसना दिला आणि शेवटी कॉव्हेंट्रीला नाममात्र किमतीत विकून टाकला. तेव्हा तसल्या मालाला गिऱ्हाईक नव्हतं.

---

सोअर_नदीकाठी

मी २०१४ पासून लेस्टरमध्ये आहे. फुटबॉलमधलं तेव्हा काही कळायचं नाही, आता थोडंफार कळतं, ते एका वर्षामुळे. कुठलं ते सांगायला नकोच: २०१५-१६, लेस्टरनं लीग जिंकली ते.

इथल्या लोकांशी बोलताना मला जे उमजलं ते असं. २०१५ मध्ये सगळ्या मोठ्या क्लबांना एकाच पद्धतीचे खेळाडू हवे होते. सेंटर बॅक असा की जो मागून सुरेख पास काढेल आणि मैदानाच्या मध्यापर्यंत उभा राहायची हिंमत करेल. मग ज्यांना ते जमत नाही त्यांचं काय? ते स्वस्त झाले. वेस मॉर्गन आणि रोबर्ट हुथ हे दोघं अंगानं दार, पण वळायला वेळ लागायचा. त्यांना गोलापासून लांब, पुढे उभं केलं तर पाठीमागून कोणीही पळून जाईल. म्हणून कोच रानिएरीनं त्यांना गोलाजवळच ठेवलं. ते मागे, म्हणजे अख्खा संघ मागे. अख्खा संघ मागे, म्हणजे समोरच्याच्या बचावामागे मोकळं रान. आणि त्या मोकळ्या रानात पळायला व्हार्डी, जो २०१२ मध्ये फ्लीटवूडकडून दहा लाख पौंडांना आला होता, तेही लीगबाहेरच्या दर्जातून. चेंडू आपल्याकडे ठेवणाऱ्या संघांना व्हार्डी नकोच होता, कारण मागे सरकून बसलेल्या बचावासमोर त्याला पळायला जागाच मिळत नाही.

चेंडू जवळ ठेवण्यात लेस्टर तळाच्या संघांत होतं, आणि गुणतक्त्यात सगळ्यांच्या वर, ८१ गुण. म्हणजे एकेक तुकडा बाजारात टाकाऊ, पण ते तुकडे एकमेकांत बसणारे. कां‌ते मात्र वेगळा. तो टाकाऊ नव्हता, तो फक्त लोकांना दिसला नव्हता. कां (फ्रान्समधला) नावाच्या लहान क्लबातून साधारण ५६ लाख पौंडांना आणला, एका वर्षानं चेल्सीनं ३ कोटींच्या वर देऊन नेला. पुढच्या वर्षी चेल्सी विजेते आणि आम्ही बाराव्या नंबरला.

मे २०१६ च्या त्या रात्री आमच्या गल्लीत पहाटे तीनपर्यंत गाड्यांचे हॉर्न वाजत होते. शेजारचे गुजराती काका, ज्यांना मी कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, रस्त्यावर येऊन अनोळखी लोकांना पेढे वाटत होते. सासूबाई भारतातून आल्या होत्या. त्यांना वाटलं, निवडणूक झाली.

---

डावखुरा_बंडू

सोअर_नदीकाठी, "ते मागे, म्हणजे अख्खा संघ मागे" हे वाक्य मला हवं होतं ते आहे. दोन माणसांना वळायला वेळ लागतो, एवढ्यावरून अकरा जणांची चाल ठरली.

मात्र यात एक गोम आहे. असा स्वस्त माल शोधून जिंकलात की दुसऱ्या वर्षी तो स्वस्त राहत नाही. तुमचेच खेळाडू महाग होतात आणि तुमचीच नक्कल होते. मकेलेलेच्या बाबतीत रेयाल माद्रिदनं उलटं करून दाखवलं. २००३ मध्ये बेकहॅमला आणलं आणि मकेलेलेला चेल्सीला जाऊ दिलं, कारण चेंडू हिसकावून शेजाऱ्याला देणाऱ्या माणसाला भारी पगार का द्यायचा? रेयाल त्या हंगामात चौथे आले. चेल्सीनं २००४-०५ मध्ये अख्ख्या लीगमध्ये १५ गोल खाल्ले आणि जिंकले. २०२३ मध्ये त्याच जागेसाठी डेक्लन राइसला १० कोटी पौंड आणि कायसेदोला त्याहून जास्त मोजावे लागले.

---

फातोर्डा_स्टँड

देव बरें करूं. मी मडगावचा, त्यामुळे थोडं आमचंही.

२०१७ ते २०२० कोच लोबेरांची एफसी गोवा ज्यांनी फातोर्ड्यावर बसून बघितली त्यांना स्पॅनिश स्ट्रायकर कोरो म्हणजे काय ते सांगायला नको. ५७ सामन्यांत ४८ गोल. दोन वर्षं ओळीनं सर्वाधिक गोलांचा सुवर्णबूट. आम्ही स्टँडमध्ये त्याच्या नावानं घसा बसवून घ्यायचो. पण त्याच काळात बाकावर एक पंजाबी पोरगा बसलेला असायचा, मनवीर सिंग. उंच, ताकदवान, भारताचा भावी नऊ नंबर म्हणून आणलेला. कोरो दमला की शेवटची दहा मिनिटं मनवीर. नंतर तो कोलकात्याला गेला, तिथे पुढे परदेशी स्ट्रायकर रॉय कृष्णा होता, म्हणून कोच हाबासनं मनवीरला उजव्या बाजूला विंगर केला. आणि विंगर म्हणून तो खरोखर चांगला झाला.

आता आकडे बघा. आयएसएल (इंडियन सुपर लीग) २०१४ ला सुरू झाली. तेव्हापासून २०२४-२५ पर्यंत एकही सुवर्णबूट भारतीयाला नाही. एलानो, मेंडोझा, मार्सेलिन्यो, कोरो, व्हाल्स्किस, अंगुलो, ओगबेचे, दियेगो मॉरिसियो, दियामांताकोस, अजराई. पहिली काही वर्षं सहा परदेशी मैदानात चालायचे, मग पाच, २०२१-२२ पासून चार. परदेशी कमी झाले तशा कुठल्या जागा आधी भारतीयांना मिळाल्या? फुलबॅक, विंगर, गोलकीपर. सगळ्यात शेवटी सोडली जाते ती नऊ नंबरची. कारण गोल महाग, आणि कोचची नोकरी गोलावर.

हे आयएसएलचंच पाप आहे असंही नाही. आमच्या गोव्याच्या क्लबांनी हेच केलं. आयएसएलच्या आधीची आय-लीग सुरू झाली २००७ ला, आणि पहिली पाच वर्षं सर्वाधिक गोल कोणाचे, तर चर्चिलचा ओडाफा नाहीतर डेम्पोचा रँटी, दोघेही नायजेरियन. आम्ही तेव्हाही टाळ्याच वाजवल्या.

त्यामुळे आज भारताकडे विंगर बघा. छांगटे, लिस्टन (आमचो!), विक्रम प्रताप, बिपिन. एकाहून एक. आणि मधे? जून २०२४ मध्ये छेत्रीनं कोलकात्यात कुवेतविरुद्ध निरोप घेतला, आणि मार्च २०२५ मध्ये चाळिशीतल्या माणसाला परत बोलवावं लागलं. आल्या आल्या मालदीवविरुद्ध त्यानं गोलही मारला. मला आनंद व्हावा की रडू यावं ते कळेना.

---

पेठेतला

भावा फातोर्डा, नाद खुळा लिहिलंयस. कोल्हापुरात आमचं तरी काय वेगळं?

शाहू स्टेडियमवर मॅच म्हणजे काय असतं ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. अख्खी पेठ तिथं. हरलं की दोन दिवस पेठेत चहा गोड लागत नाही. आता एवढी इरेला पडलेली माणसं वर्गणी काढून बाहेरचा खेळाडू आणणार असतील, तर कुठल्या जागेला आणतील? बॅकला आणतील व्हय? पुढंच आणतील. सहा फूट दोन इंच नायजेरियन पुढं उभा केला की मागून लांब चेंडू टाकायचा, बास. चालच ती झाली.

मी स्वतः एका तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलो (नाव सांगत नाही, अजून तिथंच राहतो). शाळेत मी स्ट्रायकर. आंतरशालेय स्पर्धेत अकरा गोल. तालमीत आल्यावर वस्ताद म्हणाले, पुढं माणूस आलाय, तू राइट बॅक बघ. सहा वर्षं राइट बॅक बघितला. माझं काम काय, तर चेंडू मिळाला की मान वर न करता त्याच्या डोक्यावर उचलून द्यायचा. तो मात्र देवमाणूस. प्रॅक्टिस झाली की आम्हाला थांबवून हेडिंग शिकवायचा. टाच कधी उचलायची, हात कुठं ठेवायचा, बॅकला पाठीनं कसं जोखायचं. ते सगळं मला येतं. वापरायला मिळालं नाही एवढंच.

आमचा अनिकेत जाधव बघा. २०१७ ला सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून पुढं खेळलेलं कोल्हापूरचं पोरगं. आयएसएलमध्ये गेल्यावर बाजूला.

---

तिरका_पास

पेठेतला आणि फातोर्डा, दोघांनाही एक खोचक प्रश्न. छेत्री स्वतः बेंगळुरूकडून २०१७-१८ मध्ये बहुतेक वेळा डावीकडे खेळला, कारण मधे परदेशी स्ट्रायकर मिकू होता. तरी १४ गोल केले. म्हणजे जागा नाही म्हणून स्ट्रायकर घडत नाही हे शंभर टक्के खरं कसं? ज्याला गोल मारायचाय तो कुठूनही मारतो.

---

फातोर्डा_स्टँड

छेत्री तोपर्यंत तेहेतीस वर्षांचा, तयार झालेला माणूस होता. त्यानं मधलं काम आधीच शिकून घेतलेलं. विसाव्या वर्षी बाजूला पाठवलेल्या पोराशी त्याची तुलना होत नाही. बाजूला खेळणाऱ्याला चेंडू समोर दिसतो, बचावपटू समोर दिसतो. मधल्याला दोन्ही पाठीमागे असतात. ती सवय वेगळीच. पेठेतल्यानं लिहिलंय ना, पाठीनं जोखायचं. ते दहा मिनिटांच्या बदली खेळात येत नाही.

उलट दिशेनं मात्र जमतं बहुतेक. ब्रेंटफर्डनं २०१९ मध्ये मोपेला विकलं आणि नवा स्ट्रायकर न घेता विंगवर खेळणाऱ्या वॉटकिन्सला मधे आणलं. त्या हंगामात लीगमध्ये २५ गोल. पुढच्या वर्षी अॅस्टन व्हिलानं २ कोटी ८० लाख पौंड दिले. २०२४ च्या युरोत नेदरलँड्सविरुद्ध उपांत्य सामन्यात बदली म्हणून येऊन नव्वद मिनिटं उलटल्यावर ज्यानं गोल मारला, तोच हा. फरक एवढाच की ब्रेंटफर्डनं त्याला अख्खा हंगाम दिला. आपल्याकडे तिसऱ्या सामन्यात गोल नाही झाला की जानेवारीत स्पॅनिश माणूस विमानातून उतरतो.

---

हातमोजे

गोलकीपरांना कोणीच विचारत नाही, नेहमीप्रमाणे. मी पूर्वाश्रमीचा कीपर, म्हणून लिहितो.

१९९२ पर्यंत आम्हाला पाय असण्याची गरज नव्हती. बॅकनं मागे दिला, उचलला हातात, संपलं. त्या वर्षी नियम आला की आपल्या माणसानं पायानं मुद्दाम दिलेला चेंडू हातात घ्यायचा नाही. एका रात्रीत अर्ध्या जगाचा माल जुना झाला. तरी बाजाराला पूर्ण कळायला वीस-पंचवीस वर्षं गेली. पेपनं २०१६ मध्ये सिटीत येताच जो हार्टला काढलं तेव्हा केवढा गहजब! इंग्लंडचा पहिल्या पसंतीचा कीपर, आणि का काढला, तर पास नीट देत नाही. एक वर्षानं एडरसन आला, जो साठ मीटर चेंडू पायानं चपखल टाकायचा. मग सगळ्यांनाच तसला हवा.

आणि आता बघा मजा. २०२५ मध्ये त्याच सिटीनं एडरसनला जाऊ दिलं आणि दोन्नारुम्मा आणला. जवळजवळ साडेसहा फुटांचा, गोल अडवण्यात बाप, पायानं मात्र बेताचा. तो मिळाला का, तर त्याच्या आधीच्या क्लबाला, पॅरिसवाल्यांना, पायानं खेळणारा हवा होता म्हणून. नुकताच त्यांना चॅम्पियन्स लीग जिंकून देणारा कीपर बाजारात आला!

म्हणजे कांदेबहाद्दरांचं चक्र आमच्याकडेही फिरलं. आता कीपर लांब मारणार, मग तो झेलायला पुढे उंच माणूस हवा, मग पुन्हा तुमचा नऊ नंबर महाग. एक वीट काढली की भिंत हलते.

---

कांदेबहाद्दर

हातमोजे, बरोब्बर. आणि या चक्रात मरतो तो मधल्या वर्षात पेरलेला. मनवीरचं वाचून आमच्या चुलत्यांची आठवण झाली. पोळ कांद्याला भाव होता म्हणून त्यांनी सगळ्या रानात पोळच लावला आणि काढणीला निर्यातबंदी आली. चूक त्यांची नव्हती, मुहूर्ताची होती.

---

नाशिकची_मीनल

इथे पहिल्यांदाच लिहितेय. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण धागा एका बैठकीत वाचला. माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, डाव्या पायाचा. एका क्लबात जातो. तिथले कोच म्हणतात लेफ्ट बॅक खेळ, लवकर संघात येशील. त्याला गोल मारायचेत. रोज घरी धुसफूस. आम्ही काय करावं? जाणकारांनी सांगावं.

---

पेठेतला

ताई, पोराला गोल मारू द्या. मी सहा वर्षं राइट बॅक बघितलाय, मला विचारा.

---

डावखुरा_बंडू

मीनल, मी पेठेतल्याच्या विरुद्ध पक्षातला, कारण मला डाव्या पायानंच दोन वर्षं संघात ठेवलं. पण खरं सांगू का, ती दोन वर्षं मी जागेवर होतो म्हणून, मी शिकलो काहीच नाही. सरांना डावा पाय हवा होता, तो मिळाला. त्यापुढे त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

बाराव्या वर्षी त्याला सगळीकडे खेळू द्या. कोचना इतकंच विचारा की सामन्यात बॅकला खेळवलं तरी सरावात पुढे खेळवाल का. हो म्हणाले तर क्लब बरा आहे. आणि आज ज्या जागेला तोटा आहे, ती तो अठरा वर्षांचा होईपर्यंत तशीच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. कांदेबहाद्दर तर नाहीच नाही.

---

कांदेबहाद्दर

मी कशाचीच हमी देत नाही. टोमॅटोचीही नाही.

---

नाशिकची_मीनल

सगळ्यांचे आभार. कोचशी बोलले. ते म्हणाले, सरावात शेवटची वीस मिनिटं पुढे खेळवू.

शनिवारी सामना होता. चिरंजीव लेफ्ट बॅकला उभे राहिले आणि गोलही केला. आपल्याच जाळ्यात. घरी येताना रिक्षात विचारतो, "पण आई, डाव्या पायानं होता ना?"